मंडईचं निवतं

मागच्या रविवारी फोनवर ओजसने माझं इंग्रजी सुधारलं. साकोलीच्या शाळेत जिने उभा जन्म इंग्रजी शिकवलं, तिचं इंग्रजी नातवाने सुधारावं ही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. दिवाळीनंतरच्या मंडईचा विषय निघाला होता आणि मी बोलण्याच्या भरात म्हणून गेले की मी तुम्हा दोघांना एक्स्पेक्ट करते आहे. तो लगेच म्हणाला, "आजी, आम्ही येणार नाही हे मम्माने तुला सांगितलंय ना? मग तू एक्स्पेक्ट कसं करशील? फार तर वेट करशील." मागून ईरा ओरडली, "वेट पण नको करू, आजी. मला वाईट वाटतं." मग तुमच्या आईने फोन हातात घेतला आणि इथल्या थंडीची चौकशी सुरू केली. ओजस, तुझं बरोबर होतं. मराठीत आपण दोन्ही ठिकाणी वाटच पाहतो, म्हणून माझी जीभ घसरली. खरं तर हा फरक मी तुझ्याच वयाची असताना शिकले होते. थोडा शाळेत, बाकीचा नदीपलीकडच्या एका ओसरीवर.

आमचं गाव वैनगंगेपासून थोडं आत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, होतं. घर मातीचं, कौलारू, आणि बाबांमुळे विलक्षण नीटनेटकं. विळा कुठल्या खुंटीला, कंदील कुठल्या, बैलांच्या गळ्यातल्या घाट्या कुठल्या, सगळं ठरलेलं. माझ्या कपाटातल्या घड्यांना तुमची आई हसते, ती शिस्त बाबांची आहे. माय मात्र वेगळी होती. तिच्या वस्तूंना जागा नव्हती, तिच्या हातांना होती. ती बोलता बोलता हात मागे न्यायची आणि झारा तिच्या हातात आलेला असायचा. पहाटे जाग यायची ती उखळात पडणाऱ्या मुसळाच्या आवाजाने. मग चुलीवर आयत्यांचा चर्र आवाज. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी. तुम्ही ते मागच्या वेळी साखर लावून खाल्ले आणि त्याला पॅनकेक म्हणालात. आम्ही ते लाखोळीच्या डाळीबरोबर खायचो. दिवाळीनंतर धान कापून खळ्यावर यायचं, मळणीचे बैल गोल गोल फिरायचे, आणि साऱ्या घरात, पांघरुणात, केसांत, भाकरीतसुद्धा तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, गोडसर वास भरून राहायचा.

त्याच दिवसांत मंडई. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, म्हणजे या गावच्या लोकांना त्या गावी जाता यावं. दिवसा बाजार भरायचा, जिलेबीच्या कढया लागायच्या, दंडार नाचायची, आणि रात्री नाटक. पण मंडई खरी लेकींची. ज्या घरची लेक सासरी गेली, ती त्या दिवशी जावयासोबत माहेरी यायची. नाटकाला खुर्च्या नव्हत्या. दुपारी जेवणं उरकली की बाया मांडवात जाऊन आपापले बोरे, म्हणजे पोत्याची गोणपाटं, अंथरून यायच्या. ज्याचा बोरा, त्याची जागा. आमची माय दोन बोरे टाकायची. एक आमचा, आणि त्याला लागून एक माझ्या सुमनताईसाठी.

ताई नदीपलीकडे दिली होती. आमच्या पाळीवर उभं राहिलं तर त्या गावचा पिंपळ दिसायचा. तरी लग्न झाल्यापासून दोन मंडया होऊन गेल्या आणि ताई आली नव्हती, आणि तिच्यासाठीचा बोरा दोन्ही वेळा नाटक संपेपर्यंत रिकामा राहिला होता. चूक बाबांची होती, आणि ती फक्त आमच्याच मुलखात चूक ठरावी अशी. लग्नानंतरच्या पहिल्या मंडईचं निवतं, म्हणजे आमंत्रण, मुलीच्या घरच्याने स्वतः जाऊन द्यायचं असतं. हळदीच्या अक्षता आणि सुपारी व्याह्याच्या उंबरठ्यावर ठेवायची, हात जोडायचे, मग लेक-जावई येतात. त्या वर्षी कापणी अंगावर आली होती. आमच्या गल्लीत आलेला बांगडीवाला पलीकडे चालला होता. बाबांनी विचार केला, हा जातोच आहे, तर आपण कशाला जायचं? त्यांच्या हिशोबी ती व्यवस्था उत्तम होती. निरोप वेळेवर पोचला, शब्द न् शब्द पोचला, आणि त्या घराचा अपमान झाला. "बांगडीच्या पेटीतून निवतं येते काय?" असं ताईचे सासरे चार लोकांत म्हणाले. निवत्याशिवाय सून माहेरी धाडणार नाही, हेही म्हणाले.

दुसऱ्या वर्षी बाबा अडून बसले. "लेकीले बापाच्या घरी याले निवतं लागते काय? सांगतलं होतं एकदा. येतीन," म्हणाले. हे 'येतीन', म्हणजे येतील, त्या घरात मी इतक्या वेळा ऐकलं की आजही माझ्या कानात ते बाबांच्या आवाजात आहे, ठाम आणि शेवट ओढलेलं. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच वाटायचं. जगाच्या हातून शेवटी बरोबर तेच होतं, असा त्यांचा विश्वास होता.  माय घरामागेच तलाव असताना धुणं घेऊन नदीवर जायची. डोंगा चालवणाऱ्या सोमाला विचारायची, पलीकडे कोण कोण भेटलं. रिकाम्या बोऱ्यावर दुसऱ्या बाया सरकायला लागल्या की ती त्यावर हात ठेवायची. शेजारची काकू म्हणालीही, "कोणासाठी राखलं वो? कोणी येऊन नाई राहिलं." माय म्हणाली, "नाई येऊन राहिलं म्हूनच त राखलं. आलं असतं तं बसलं असतं ना."

तिसऱ्या मंडईच्या थोडं आधी आमच्या गभणे सरांनी वर्गात वेट आणि एक्स्पेक्ट हे दोन शब्द घेतले. सर बारीक अंगाचे, आवाज मात्र खणखणीत. म्हणाले, "पोट्टेहो, एक्स्पेक्ट हे डोक्यातलं काम. पाहुणा येणार असं तुम्ही मनात धरलं आणि वावरात निघून गेलात, तरी चालते. वेट हे अंगाचं काम. तिथं थांबावं लागते. कधी कधी येणार नाही हे ठाऊक असूनही माणूस थांबतो." मग प्रत्येकाला दोन वाक्यं करायला सांगितली. कुणी एस.टी.ची केली, कुणी पावसाची. मी केली ती घरची होती. माझे वडील माझ्या बहिणीला एक्स्पेक्ट करतात. माझी आई माझ्या बहिणीसाठी वेट करते. सरांनी वाक्यं वाचली, बरोबरची खूण केली आणि पुढच्या मुलीकडे गेले. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला घरची खुशाली विचारली.

संध्याकाळी मी इंग्रजी मोठ्याने वाचावं असा बाबांचा नियम होता. ते स्वतः इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेले. अर्थ फारसा लागत नसे, पण ऐकताना मान हलवायचे, गाणं ऐकावं तशी. मी ती दोन वाक्यं वाचली. त्यात बहिणीचा शब्द त्यांना कळला आणि मान थांबली. "काय लिवलं?" मी सांगितलं. भीत भीत सांगितलं, पण सरांनी सांगितलेला फरकही सांगितला. बाबा म्हणाले, "दोन्ही एकच. मास्तराले काम नाई." आणि ते कंदिलाची काच पुसू लागले, जी मी आधीच पुसलेली होती. चुलीपाशी माय वांगी भाजत होती. तिने मागे न वळता विचारलं, "त्यातला माहा शब्द कोणता म्हणाली?"

"वेट," मी म्हणाले.

"वेट," तिने म्हणून पाहिलं. पुन्हा एकदा म्हणाली. "लहान हाये. माह्या तोंडात बसते." मग वांग्याची सालं काढत, बाबांना ऐकू जाईल पण बाबांना उद्देशून वाटणार नाही अशा बेताने म्हणाली, "वाट पाह्यली पाह्यली, आता वाट चालून पाहाव."

दुसऱ्या दिवशी बाबा खळ्यावर गेल्यावर तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, पाण्याने भरलेला लोटा घेतला आणि मला म्हणाली, "चाल." बरीच वर्षं मी मनात मिरवत होते की माझ्या इंग्रजीने माय उठली. तसं नसावं. तिने कनवटीची पुरचुंडी काढून पाहिली तेव्हा आत सुपारी होती आणि अक्षता होत्या, आणि अक्षतांची हळद पार फिकी पडलेली होती. ती पुरचुंडी फार आधी बांधलेली होती. मी फक्त घरात एक शब्द आणला. निघायची तयारी तिची केव्हाच झालेली होती.

डोंगा म्हणजे एका लाकडात कोरलेली होडी. बसलं की पाणी हाताला लागतं. सोमाने मायच्या हातातल्या लोट्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "काय काकू, निवतं द्याले? काका बिमार हायेत काय?"

"बिमार नाईत. शाहाणे हायेत," माय म्हणाली. सोमा हसला आणि वल्हं मारत राहिला.

लोटा का, ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मायला विचारलं तर म्हणायची, "नाई पीत, म्हून नाई पीत." ताईला तोवर मूल नव्हतं. म्हणून माय आपलं पाणी घेऊन निघाली होती. पण डोंग्यातून उतरून काठ चढताना माझा पाय घसरला, मी मायचा हात धरला आणि लोट्यातलं पाणी सांडलं. भरायला परत खाली जाऊ या म्हटलं तर म्हणाली, "राहू दे. लवकरच येऊ."

लवकर काही येणं झालं नाही. ताईचे सासरे, ज्यांना आमच्याकडे इवाई, म्हणजे व्याही, म्हणतात, ते खळ्यावर होते. निवतं त्यांच्याच हाती द्यायचं होतं. इहीनबाई, म्हणजे ताईच्या सासूबाई, उंच, करड्या, दाराच्या चौकटीत मावणार नाहीत अशा. त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवलं. "तुमी त पाणी घेणार नाई," मायला म्हणाल्या, आणि मला तांब्या दिला. मी सगळं पाणी प्याले आणि पिऊन झाल्यावर मायच्या ओठांकडे पाहिलं. इहीनबाई म्हणाल्या, "बाईमाणूस निवतं घेऊन आली, हे पह्यल्यांदा पाह्यलं. घरचा मानूस कोठी हाये?"

"खळ्यावर. तुमचे हायेत तसेच."

"मंग थांबता कायले? सांजेशिवाय येत नाईत हे."

"थांबतो ना जी. घरी तरी काय करून राहिली होती?"

आतून मुसळाचा आवाज येत होता. नव्या धानाचे पोहे कांडणं चाललं होतं. तो आवाज आम्ही येताच थांबला होता आणि मग पुन्हा सुरू झाला. माय डोळे मिटून ऐकत होती. मला म्हणाली, "तुही ताई होय. डावा हात हाये." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ठोक्यांना एक लंगडी लय होती, ताई डावखुरी. तिच्या लग्नाआधी आमच्या घरी पहाटे ऐकू यायची तीच. ताई दाराआड येऊन एकदा उभी राहिली. बांगड्या वाजल्या, पदराचं टोक दिसलं, आणि सासूने नुसतं पाहिल्यावर ती परत गेली. मायने तिला हाक मारली नाही. तिने समोर पडलेलं सूप उचललं आणि इहीनबाईंना म्हणाली, "कांडलेले पोहे इकडे द्या, पाखडून देतो. हात रिकामे चांगले नाई दिसत."

 "पाण्याले शिवत नाई, न माह्या घरचे पोहे पाखडते! काय बाई हाये!" असं भिंतीला सांगून इहीनबाई आत गेल्या आणि टोपली भरून घेऊन आल्या. आणि मग दिवसभर तेच चाललं. आत ताई कांडत होती, बाहेर माय पाखडत होती, आणि मधे ती उंच बाई टोपल्या नेत-आणत होती. आई-लेकींचं एक अक्षर बोलणं झालं नाही. पण माय सुपाला शेवटी दोन टिचक्या मारायची, तशी आतून मुसळाच्या दांड्यावर दोन बांगड्या वाजायच्या. टोपल्या वाहणाऱ्या इहीनबाईंना ते ऐकू येत नसेल असं मला वाटत नाही. ऊन ओसरीवर चढलं, उतरलं. मायच्या ओठांवर कोंड्याची पांढरी रेघ बसली. दुपारनंतर इहीनबाईंनी न विचारता आपलं सूप आणलं आणि तिच्यासमोर बसून पाखडू लागल्या.

आधी इवाई आले नाहीत. आधी आले बाबा. धोतर पोटरीपर्यंत भिजलेलं, डोक्यावर तणसाचा भुसा, हातात नारळ. घरी आल्यावर आम्ही दिसलो नाही, विळ्या-कंदिलाच्या ओळीतला लोटा जागेवर दिसला नाही, तेवढ्यावरून त्यांनी ताडलं असावं. ते अंगणात उभे राहिले आणि मायकडे पाहू लागले. तिने मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाखडू लागली. त्यांच्या मागोमाग इवाई अंगणात शिरले. जाड मिशा, खांद्यावर घोंगडी. त्यांनी एकेक करून सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय इवाई, औंदा बांगडीवाला नाई भेटला वाटते?"

बाबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ते वळून निघून जातील. मायचं सूप हवेत थांबलं. मग बाबा वाकले, मायने कनवटीतून काढून दिलेली पुरचुंडी घेतली, फिक्या अक्षता आणि सुपारी उंबरठ्यावर ठेवली, नारळ ठेवला आणि हात जोडले. "चुकलं, इवाई. मंडईचं निवतं द्याले आलो. लेक-जवायाले धाडा."

"पाहू," इवाई म्हणाले.

"पाहू काय?" इहीनबाई सूप आपटून म्हणाल्या. "सकाळपासून कोरड्या तोंडानं बसली हाये बाई. येतो म्हणा ना सरळ!"

इवायांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना हसू दाबायचं असावं. "येतीन," म्हणाले. तोच शब्द, पण या वेळी तो दुसऱ्याच्या तोंडचा होता, आणि बाबांनी तो मान खाली घालून ऐकला. आम्ही निघालो तेव्हा आतून ताईचा आवाज आला, दिवसभरातला पहिला आणि शेवटचा: "माय, पाटवड्या करजो."

नदीवर आल्यावर माय डोंग्यात बसली नाही. आधी काठावर गुडघे टेकून ओंजळी भरभरून पाणी प्याली. बाबा तिच्या बाजूला लोटा धरून उभे होते, ती लोट्याला हात लावत नव्हती. "नदी कोणाच्या सासरची नाई," मला म्हणाली. डोंग्यात मी हळूच विचारलं, "बाबा येतील असं वाटलं होतं तुले?" ती म्हणाली, "मले काय माहीत." "मग?" "मंग काय? वाट पाहून राहिली होती ना." बाबा पुढे पाठमोरे बसले होते. त्यांनी ऐकलं. बराच वेळ ते पाण्यात हात घालून बसले होते, आणि एवढा शिस्तीचा माणूस, उतरताना लोटा डोंग्यातच विसरला.

मंडईच्या दिवशी दुपारी मायने दोन बोरे टाकले. ताई जावयासोबत आली, पाटवडीचा रस्सा तिने तीन वेळा वाढून घेतला, आणि मग येऊन त्या दुसऱ्या बोऱ्यावर बसली. शेजारची काकू म्हणाली, "आली बाप्पा एकदाची!"  माय बोऱ्याची कडा हाताने सपाट करत राहिली, जणू अजून कुणी यायचं आहे. पुढे ताईला मुलगी झाली, तेव्हा माय पलीकडे गेली आणि त्या ओसरीवर बसून तांब्याभर पाणी एका दमात प्याली. इहीनबाई म्हणाल्या, "अवो, थांबा जराक. विहीर कोरडी करता काय?" ते गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. माणसं दूर नव्या वस्तीत गेली, पिंपळही गेला. ओसरी पाण्यात आहे म्हणून मी कधी कधी स्वतःशी म्हणते, तिथं आता पाणी प्यायला कुणाची आडकाठी उरली नाही.

तर ओजस, आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तुम्ही या मंडईला येणार नाही हे मला ठाऊक आहे. शाळा आहेत, तुमच्या आईबाबांच्या नोकऱ्या आहेत. मी एक्स्पेक्ट करत नाही. मात्र हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं मी दर रविवारी फोनवर निवतं देते आहे, बांगडीवाल्याच्या पेटीत घालून देतात तसं. बाबांची लेक शोभले. निवतं फोनवर द्यायचं नसतं. ते उंबरठ्यावर नेऊन ठेवायचं असतं.

तेव्हा ऐका. पासपोर्ट आला आहे. व्हिसासाठी नागपूरला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. म्हातारीचे ठसे उमटेनात म्हणून त्या मुलीने माझे हात दोनदा पुसले. तुमच्या आईला अजून काही बोलू नका, हे तुम्ही तिला वाचून दाखवाल तेव्हा तिला कळेलच. पुरचुंडी बांधली आहे, हळद ताजी आहे, आणि ती पुढच्या मंडईची आहे. ईरा, तू दार उघड. आणि पाण्याची काळजी करू नका. मी लोटा घेऊन येणार नाही. तुमच्या घरचं पाणी मी पोटभर पिणार आहे; माझ्या लेकीला तुम्ही दोघं आहात.